दोन यशोदा आणि शांताबाईचे दिवस

सूतगिरणीत सकाळी झाडा, दुपारी झाडा, संध्याकाळी पाहा तर कापसाच्या पुंजक्यांचा तेवढाच थर! आमच्या किश्श्यांचंही तसंच आहे. दरवर्षी वाटतं, आता सगळे सांगून संपले. मग कुणाच्या तरी लेकीच्या लग्नात पंगत बसते, गुणवंता मठ्ठ्याचा ग्लास खाली ठेवतो आणि म्हणतो, "मॅडम, ते यशोदेचं सांगा ना जी!" झालं, पुन्हा सुरू.

आता हसतो आम्ही. पण तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते. मी जन्माची भित्री. भिंतीवर पाल दिसली तर खोली तिच्या नावावर करून देणारी बाई! अशा बाईच्या हाती देवळी रस्त्यावरच्या आमच्या गिरणीनं युनिक्सचा सर्व्हर दिला. का, तर नागपूरला वर्षभराचा कॉम्प्युटरचा कोर्स केलेली अख्ख्या गिरणीत मी एकटीच होते. सकाळी पिपरी मेघेहून लुनावर निघायची, ती घरापासूनच देवाचं नाव घेत.

सर्व्हरचं नाव यशोदा. देवळीकडून वाहते ती नदी, तीच. मशीनला नाव लागतंच, आणि ते नाव पडद्यावर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला उमटतं. आपण कोणत्या मशीनशी बोलतो आहोत, ते त्या नावावरून ओळखायचं. एवढं ध्यानात ठेवा. बाकी कॉम्प्युटर तुम्हाला नाही समजला तरी चालेल, मलाही तेव्हा फारसा समजत नव्हता.

*

गुणवंता म्हणजे टाइम ऑफिसातला क्लार्क. तो यशोदेला माझ्यापेक्षा जास्त भ्यायचा. एसीच्या खोलीत शिरण्याआधी चपला बाहेर काढायचा, दारातून हात जोडायचा आणि मगच आत पाय टाकायचा.

एकदा मी जेवायला गेले होते. पडद्यावर एकाएकी इंग्रजी ओळी धडाधड वर सरकायला लागल्या. काही नाही, मशीन आपलं रोजचं काम करत होतं. गुणवंताला वाटलं, पेटतं आता! त्यानं डोळे मिटले आणि मशीनचा प्लग खस्सकन उपटला.

मी डबा टाकून धावत आले. "गुणवंतराव, हे काय केलं?"

"मॅडम, थे लय जोरात धावून राह्यली होती जी. म्या थांबवली."

पुन्हा सुरू व्हायला यशोदेनं दोन तास घेतले. टाइम ऑफिसचे प्रमुख खेडकर साहेब तेवढा वेळ दारात उभे होते. खेडकर साहेब कधी ओरडत नसत. फक्त चष्मा काढून पुसायचे, आणि तो चष्मा पुसताना पाहिला की आम्ही दिसेल त्या कपाटाआड व्हायचो. चष्मा डोळ्यावर ठेवून ते एवढंच बोलले, "रंजना, यापुढे चालू मशीनचा प्लग ज्यानं उपटला, त्यानं दुसऱ्या दिवशी यायचं नाही."

गुणवंता त्या दिवसापासून घरचा मिक्सरसुद्धा बायकोला बंद करायला लावतो.

*

खेडकर साहेबांना कागदाचा भारी राग होता. जुन्या हजेरीबुकांचा ढीग मी वर्षभर बसून यशोदेत चढवला आणि ज्या दिवशी शेवटचं पान झालं, त्या दिवशी साहेबांनी ती सगळी बुकं बॉयलरमध्ये पाठवली. "आता कशाला? मशीन आहे ना!" मला आत कुठंतरी धस्स झालं, पण साहेबांना म्हणणार कोण?

तिथून हजेरी थेट गेटवर. बाई आपला नंबर सांगणार, गुणवंता टर्मिनलवर टाइप करणार. कायम कामगारांची नोंद सुपरवायझरच्या डायरीत तरी असायची. बदलीवाल्यांची कुठंच नाही. कायम माणूस गैरहजर असला तर त्याच्या जागी गेटवरून उचलतात, तो बदलीवाला. तो वर्षभर गेटवर उभा राहतो आणि वर्षात ठरलेले दिवस भरले तर कायम होतो. एक दिवस जरी कमी पडला, तरी पुन्हा पहिल्यापासून.

त्या साली बदलीवर उरल्या होत्या सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातल्या तेवीस बाया, आणि त्यांची म्होरकी शांताबाई. ती दर आठवड्याला माझ्या खिडकीशी यायची. काचेवर बोटानं टकटक.

"माहे दिवस हायेत ना व मॅडम मशीनमंदी?"

"आहेत, शांताबाई."

"सारे?"

"सारे. मशीन विसरत नाही."

"माणसं लिवते ना त्याच्यात? मंग विसरन."

असं म्हणून कमरेच्या पिशवीतून सुताची एक लांबलचक दोरी काढायची आणि त्यावर गाठ मारायची. वाइंडिंगच्या बायकांचं कामच ते. सूत तुटलं की गाठ, पुन्हा तुटलं की पुन्हा गाठ. डोळ्याचं पातं लवेपर्यंत एका हातानं मारतात. मी एकदा चिडवलं, "शांताबाई, सुट्टी झाली ना, आता कायले गाठी मारता?" तर म्हणते, "आमची जुनी रीत हाये मॅडम. काम झालं त्या दिवशी गाठ, नाई झालं त्या दिवशी टिचभर मोकळं, रविवारी लाल धागा. तुमी तुमचं मशीन सांभाळा."

सगळ्या तेवीसजणींकडे अशी दोरी होती. मला हसू आलं होतं तेव्हा. देवा, माफ कर!

*

नव्याण्णव साल उजाडलं आणि पेपरात यायला लागलं, की दोन हजार साल लागताच सगळे कॉम्प्युटर वेडे होणार. खेडकर साहेब घाबरले. साहेब घाबरलेले पाहून आम्ही दुप्पट घाबरलो. नवीन मशीन मागवलं.

ते बसवायला नागपूरहून तिवारीजी आले. दिलखुलास माणूस, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. "मॅडमजी, चुटकी का काम है!" त्यांनी यशोदेची टेप काढली, म्हणजे आतल्या सगळ्याची नक्कल, आणि ती जशीच्या तशी नवीन मशीनमध्ये उतरवली. सगळं उतरलं. हजेरी, पासवर्ड आणि नावसुद्धा! नवीन मशीनचा पत्ता तेवढा त्यांनी बदलला, पण पडद्यावर बघते तर तिथंही यशोदा.

"तिवारीजी, हिचं नाव भदाडी ठेवायचं ठरलंय." भदाडी ही आमच्याच भागातली दुसरी नदी.

"अरे नाम ही तो है, बाद में बदल लेना। दो मिनट का काम।" एवढं बोलून ते जामकडच्या गाडीत बसले. जामहून नागपूर, आणि नागपूरहून कुणास ठाऊक कुठं!

एका खोलीत दोन मशीन, दोघींच्या पडद्यावर एकच नाव, आतली हजेरीही दिसायला सारखीच. फरक एवढाच, की खरी यशोदा रोज वाढत होती आणि दुसरी टेप काढली त्या दिवशीच थांबली होती. गुणवंता दोघींकडे आळीपाळीनं पाहत म्हणाला, "मॅडम, जुळ्या पोरींचे एकच नाव ठेवलं तं माय मारते कोणाले आन् रडते कोण!"

मला त्या रात्री झोप लागली नाही.

*

सकाळी एसटीडी बूथवरून तिवारीजींना पकडलं. त्यांनी हुकूम सांगितला. मी चिठ्ठीवर लिहून आणला, नवीन मशीनवर टाइप केला, आणि काय सांगू, नाव बदललं! भदाडी! मी आणि गुणवंतानं एकेक पेढा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं, तर पुन्हा यशोदा.

पुन्हा बदललं. तिसऱ्या दिवशी पुन्हा यशोदा! नवीन मशीन अजून यूपीएसवर घेतलं नव्हतं, त्यामुळं आम्ही ते रोज संध्याकाळी बंद करायचो आणि रोज सकाळी ते जुनं नाव घेऊन उठायचं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. गुणवंतानं आठवडी बाजारातून लिंबू-मिरची आणली आणि मशीनच्या मागच्या वायरीला बांधली.

खेडकर साहेबांनी ती लिंबू-मिरची पाहिली. चष्मा काढला, पुसला. आम्ही दोघं भिंतीला चिकटलो. साहेब म्हणाले, "ताजी बांधा. सुकलीये."

म्हणजे साहेबसुद्धा!

खरं कारण साधं होतं. त्या हुकमानं नाव बदलतं, पण मशीन बंद होईपर्यंतच. कायमचं नाव आतल्या एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं आणि सुरू होताना मशीन तिथून वाचतं. फाइल बदलली की काम झालं. पुस्तक चाळता चाळता मला ते सापडलं, आणि मी आनंदानं टुणकन उडी मारली. ती उडी मारायला नको होती.

*

आता नीट ऐका, कारण माझी चूक इथं आहे.

माझं टेबल यशोदेच्या टर्मिनलला जोडलेलं. तिथून तारेवरून मी नवीन मशीनमध्ये शिरले, ती फाइल बदलायला. एवढ्यात लाइट गेली आणि लगेच आली. आमच्याकडं हे दिवसातून दहादा. यशोदा यूपीएसवर होती, तिला काही झालं नाही. नवीन मशीन मात्र विझलं, आणि माझं टर्मिनल गुपचूप यशोदेत परत आलं. समजा मी शेजारणीच्या घरी गेले होते आणि कुणी उचलून मला माझ्याच घरात आणून सोडलं. पण मला कळणार कसं? दोन्ही घरांच्या दारावर एकच पाटी!

मी ती फाइल उघडली, यशोदा खोडलं, भदाडी लिहिलं, मशीनला पुन्हा सुरू व्हायला सांगितलं. गेटवरची टर्मिनलं बंद पडली. मला वाटलं, लाइटीमुळं. सुरू झाली तेव्हा प्रत्येक लॉगिनला दोन-दोन मिनिटं लागायला लागली. गेटवर बायांची रांग रस्त्यापर्यंत गेली. गुणवंता धावत आला, "मॅडम, मशीन स्वतःलेच वळखून नाई राह्यली!"

त्याचं म्हणणं अगदी खरं होतं. नव्या नावाची नोंद दुसऱ्या एका यादीतही लागते, ती मी केली नव्हती. म्हणून मशीन दर वेळी स्वतःलाच शोधत बसायचं. मी यादीत नाव घातलं, रांग सरकली, मी घाम पुसला. पण गेटचं मशीन का अडलं, नाव तर मी दुसऱ्याचं बदललं होतं, हा प्रश्न मला पडलाच नाही. भीती उतरली की माणूस विचार करणं सोडतो, बाप्पा!

आता खरी यशोदा भदाडी झाली होती आणि शिळी कॉपी यशोदा म्हणून मिरवत होती. काम झालं असं समजून तिच्या पडद्याकडं मी पुन्हा पाहिलंच नाही.

*

त्या आठवड्याच्या शुक्रवारी खेडकर साहेब आत आले. "बदलीवाल्यांची यादी तपासायला नागपूरहून कामगार ऑफिसर येणार आहेत. नवीन मशीनमध्ये जुनी हजेरी दिसली तर म्हणतील, दोन-दोन हजेऱ्या ठेवता. भदाडी कोरी करून टाक."

टेप आम्ही शनिवारी काढायचो. मागची टेप मागच्या शनिवारची. पण कॉपी पुसायची आहे, तिची आणखी टेप कोण काढतं? मी माझ्या टर्मिनलवर बसले, तारेवरून नवीन मशीनमध्येच आहे असं समजून. पडद्यावर नाव पाहिलं. भदाडी. तरी पुन्हा नाव विचारलं. भदाडी. देवाचं नाव घेतलं, पुसायचा हुकूम टाइप केला आणि एन्टर दाबलं.

खिडकीवर टकटक झालं.

"माहे दिवस हायेत ना व मॅडम?"

"आहेत, शांताबाई," मी मान न वळवता म्हटलं.

त्याच क्षणी गेटवरून गुणवंताची आरोळी आली, "मॅडम! दिवस जाऊन राह्यले! पडद्यावरचे दिवस जाऊन राह्यले!"

काय झालं ते एका दमात कळलं. ती लाइट, ती पाटी, ती रांग, सगळं. हुकूम थांबवायची कळ असते, मला ती माहीतही होती, पण बोटं ऐकेनात. मी खाली वाकले आणि यशोदेचा प्लग खस्सकन उपटला.

मशीनची घरघर थांबली. काचेच्या पलीकडून शांताबाई माझ्याकडे पाहत होती. माझ्या हातात प्लग होता.

*

खेडकर साहेबांच्या केबिनपर्यंत चाळीस पावलं असतील. मी ती कशी चालले ते आठवत नाही. सगळं सांगितलं. हजेरी पुसली गेली, टेपवरून शनिवारपर्यंतची परत येईल, आजची बायांना विचारून पुन्हा घेता येईल, पण सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार गेले. मीच प्लग उपटला, तेव्हा उद्यापासून मी येत नाही.

साहेबांनी चष्मा काढला. पुसला नाही. नुसता हातात धरून बसले.

"शांताबाईचे किती होतात?" त्यांनी विचारलं.

"ते चार धरले तर बरोबर काठावर. नाही धरले तर..."

"आणि बुकं मी जाळली," साहेब म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांनी आपली चूक कबूल केलेली मी पहिल्यांदा ऐकली, आणि मला रडूच फुटलं. साहेब म्हणाले, "रडू नको. तू उद्या ये. तू नाही आलीस तर हे निस्तरणार कोण?"

बाहेर आले तर केबिनच्या दाराशी शांताबाई उभी. तिनं सारं ऐकलं होतं. मला वाटलं, आता शिव्या घालणार. घालायलाच हव्या होत्या. तिनं पिशवीत हात घातला आणि दोरी माझ्यापुढं धरली.

"घ्या. मोजा. पन हातातून सोडू नका, गुंता होते."

*

शनिवारी वाइंडिंगच्या तेवीसही बाया टाइम ऑफिसात आल्या. खेडकर साहेब स्वतः जमिनीवर बसले, मांडी घालून. पुढं तेवीस दोऱ्या. आधी टेपवर होते ते आठवडे ताडून पाहिले. लाल धाग्यापासून लाल धाग्यापर्यंत साहेब बोट फिरवायचे, गुणवंता मोठ्यानं बोलायचा, मी मशीनमध्ये बघायचे. एकीचाही दिवस चुकला नाही. दोन ठिकाणी फरक पडला, तिथं गुणवंतानं कान पकडले. त्यानंच चुकीचा नंबर टाइप केला होता!

मग शेवटच्या लाल धाग्यानंतरच्या गाठी. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. ते दिवस मी त्यांवरून परत भरले. साहेबांनी फाइलला टिपण लावलं. "चार दिवसांच्या हजेरीचा आधार : सूत." खाली सही केली. सही करताना म्हणाले, "रंजना, ऑफिसरनं हे नाही मानलं तर तेवीस बाया जातील, आणि मीही जाईन. आणि ते मानतील असं मला वाटत नाही." मलाही वाटत नव्हतं.

पुढच्या बुधवारी कामगार ऑफिसर आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मोजकं बोलणं. ओळीनं सगळं तपासत गेले. बाया व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी आणि गुणवंता कोपऱ्यात.

ऑफिसरांचं बोट त्या टिपणावर थांबलं.

"सूत? म्हणजे काय?"

खेडकर साहेब उठून उभे राहिले. ड्रॉवरमधून शांताबाईची दोरी काढली आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली. "साहेब, चूक आमची आहे. मशीनच्या नावात घोटाळा झाला. कागद मी जाळले. आमच्याकडं आता एवढंच आहे."

ऑफिसरांनी दोरी उचलली. उजेडाकडं धरली. एक गाठ पाहिली, दुसरी पाहिली. तोंडावरची रेष हलेना. मग शेवटच्या टोकाशी आले, तिथल्या गाठीत अंगठ्याचं नख घातलं आणि ती उकलून बघायला लागले.

व्हरांड्यातून शांताबाई धावतच आत शिरली. खेडकर साहेब, ऑफिसर, कुणाकडं न बघता तिनं त्यांचं मनगट धरलं.

"गाठ नका सोडू जी साहेब! थो माहा गुरुवार हाये!"